हिंगण्याला नोकरी आणि रामटेकला घर, जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी हिंगणा एमआयडीसीत, राहणं नागपुरात भाड्याने, भाडं दरवर्षी वाढतंय. म्हणून बायको, सातवीतली मुलगी आणि सत्तरीच्या आई यांना घेऊन रामटेकला राहायला जावं का?

मी स्वतः नागपूर सोडून रामटेकला आलो आणि शीतलवाडीत घर केलं. हे गाव मला मनापासून आवडतं. तरी स्पष्ट सांगतो, तुमच्या नोकरीला रामटेक जमणार नाही. छोट्या गावात राहायला जायचा विचार मात्र सोडू नका, फक्त गाव बदला.

रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, असं सगळे सांगतात. ते शहराच्या ईशान्येकडचं अंतर झालं. तुमचा कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. म्हणजे एसटीने मनसर, कन्हान, कामठी करत ऑटोमोटिव्ह चौकात उतरायचं, तिथून मेट्रोने बर्डी, बर्डीला गाडी बदलून लोकमान्यनगर आणि पुढे ऑटोने गेटपर्यंत. मेट्रोमुळे हे बरंच सुसह्य झालंय, पण एका बाजूचे दोन-अडीच तास धराच. त्यात शिफ्ट ड्युटी असेल आणि सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटत असेल, तर घरी कसे पोहोचणार? कामठी रोडला, इंदोऱ्याला किंवा सदरला नोकरी असती, तर मीच तुम्हाला या म्हटलं असतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुमचा सगळा प्रश्न जाण्यायेण्याबद्दल आहे. तुम्ही त्या गावात राहणार ते रात्री झोपायला आणि सुटीच्या दिवशी. दिवसभर तिथे राहणार त्या वहिनी, मुलगी आणि तुमच्या आई. त्यांचा दिवस तिथे कसा जाईल यावर गाव ठरवा. माझ्या ओळखीत जी कुटुंबं छोट्या गावातून वर्षभरात नागपूरला परत गेली, त्यांतली बहुतेक प्रवासाला कंटाळून नाही गेली. घरातल्या माणसांचं तिथे मन रमलं नाही, म्हणून गेली.

आईंचं पहिलं सांगतो, कारण छोट्या गावाचा सगळ्यात जास्त फायदा म्हाताऱ्या माणसांना होतो. माझी आई नागपूरला फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर असायची. इथे सकाळी घरासमोर सडा टाकला की शेजारची कुणी ना कुणी येऊन उभी राहते, दुपारी भजनी मंडळ असतं, भाजीवाली तिला नावाने हाक मारते. एकटीने एसटीत बसून नागपूरला मावशीकडे जाऊन येते. बायकांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट, त्यामुळे कुणापुढे हातही पसरावा लागत नाही.

याची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. माझ्या वडिलांच्या छातीत एका रात्री दुखायला लागलं. इथल्या उपजिल्हा रुग्णालयात लगेच ईसीजी काढला आणि नागपूरला न्या म्हणाले. 108 ची गाडी आली. समोरच्या घरातला मुलगा न बोलावता गाडीत चढला, चपला घालायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. वडील वाचले. पण मनसरपासून शहरापर्यंतचा तो रस्ता आईने हातात हात धरून कसा काढला, ते मी पाहिलंय. तुमच्या आईंना शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर गाव निवडताना पहिली चौकशी हीच करा: रात्री ईसीजी कुठे निघतो, कोणतं मेडिकल उघडं असतं आणि तिथून मोठं रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे.

मुलगी सातवीत आहे. दहावीपर्यंत छोट्या गावातली शाळा चांगली चालते. सायकलने जाते-येते, शिक्षक आईबापांना ओळखतात. अडचण अकरावीला येते. डॉक्टरी किंवा इंजिनीअरिंगची तयारी करायची म्हटली की इकडची बहुतेक मुलं क्लाससाठी नागपूरला जातात. म्हणजे तुमच्या हातात चार वर्षं आहेत. त्यानंतर तिला रोज एकटीने नागपूरला जाऊन अंधार पडायच्या आत परत येता येईल, असंच गाव हवं.

वहिनी नोकरी करत असतील किंवा पुढे करायची असेल, तर त्यांना आजच विचारा. नवऱ्याच्या सोयीने घर हलतं आणि बाईचं काम सुटतं, हे मी फार घरांत पाहिलंय आणि मला ते अजिबात पटत नाही.

आता रोजच्या जगण्याचं. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा 45 च्या वर जातो. शहरात असो की गावात, कूलरशिवाय निभत नाही आणि कूलर पाणी पितो. बऱ्याच छोट्या गावांत उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. त्यामुळे घरात मोठी टाकी आहे का, बोअरला मे महिन्यात पाणी राहतं का, हे आधी पाहावं लागतं. रामटेकला वानरांचा त्रास वेगळा. गडमंदिराकडची टोळी उतरली की वाळत घातलेले पापड-कुरडया तर जातातच, छतावरच्या टाकीचं झाकण काढून पाइपही ओढतात. आम्ही झाकण तारेने आवळून बांधतो आणि वाळवणाजवळ काठी घेऊन कुणीतरी बसतं. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला अख्ख्या गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाची तयारी ठेवावी लागते. मला ते दिवस वर्षातले सगळ्यात आवडते.

तुमच्यासाठी मी कळमेश्वर सुचवेन. तिथून गोंडखैरीला अमरावती रोडवर निघायचं आणि वाडीवरून एमआयडीसी, शहरात शिरायची गरजच नाही. नागपूर-इटारसी लाइनवर स्टेशन आहे, मुलीला पुढे तेही कामाला येईल. गावाला स्वतःची एमआयडीसी आहे, म्हणजे उद्या नोकरी बदलायची वेळ आली तर पर्याय जवळ. दुसरं बुटीबोरी. तिथून मिहानमधलं एम्स जवळ पडतं, आईंच्या दृष्टीने हा मोठा मुद्दा. शहर बसही जाते. पण वर्धा रोडची अवजड वाहतूक आणि कारखान्यांचा धूर पाहता घर कोणत्या बाजूला घेता, यावर सगळं अवलंबून आहे. काटोल छान आहे, पण रोजच्यासाठी लांब.

लगेच प्लॉट घेऊ नका. आपल्याकडे जो तो लेआउट पाडून बसलाय आणि बोर्डावर ‘मंजूर’ लिहिलेलं असतं. कोणी मंजूर केलं, ते कागदावर पाहा. एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) मंजूर नकाशा, जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद आणि सातबारा तीनही मागा. नुसता ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) दाखवून कुणी ‘बाकी नंतर होते’ म्हणालं, तर तिथून उठा. अशा कागदावर बँक कर्ज देत नाही आणि नंतर विकतानाही त्रास होतो.

आधी भाड्याने राहा आणि त्यात एक पूर्ण उन्हाळा येऊ द्या. शहरातलं घर सोडण्यापूर्वी घरमालकाशी नीट बोलून ठेवा, म्हणजे परत यावं लागलं तर दार उघडं राहील. घर बघायला जाल तेव्हा वहिनींना आणि आईंना सोबत न्या आणि भर दुपारी जा. नळ किती दिवसांनी येतो, रात्री लाइट किती वेळा जातो, हे घरमालकाला नाही, शेजारच्या घरातल्या बाईला विचारा. ती खरं सांगेल, आणि ती कशी बोलते यावरून तुमच्या आईंना तिथे करमेल की नाही, हेही तुम्हाला कळेल.