कार्डावर ‘एएस’ लिहिलंय, मग विषय कोणत्या विद्याशाखेचा?

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू शहाद्याकडचा, एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि पुढे पीएच.डी. करायची आहे. विज्ञान, कायदा, आरोग्य, तंत्रज्ञान, जिकडे बघावं तिकडे एवढं काम चाललंय की कुठे हात घालावा कळत नाही. सर म्हणतात, एकच काहीतरी धर. आणि नंदुरबार-धुळ्यात राहून खरं संशोधन होतं का, ही शंका वेगळीच. मी २६ वर्षं खान्देशातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. स्वतः पीएच.डी. केली नाही, पण सगळ्या विद्याशाखांची माणसं एकाच टेबलावर बसलेली रोज पाहिली. त्या जोरावर लिहितो.

साधारण १५ वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, प्रवेशाची गर्दी. धडगावकडचे एक बाबा काउंटरपाशी आले. त्यांची मुलगी आमच्याकडे बी.ए.ला होती. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून त्यांनी एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर बॉलपेनने इंग्रजी ए आणि एस ही दोन अक्षरं लिहिलेली, घामाने शाई पसरलेली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं कार्ड होतं. मुलाकडची मंडळी ते बघून उठून गेली होती. बाबा म्हणाले, “साहेब, पोरीला आजार आहे का नाही, एवढं पुस्तकात बघून सांगा.”

मला सांगता येईना. प्राणिशास्त्राच्या सरांना बोलावलं. त्यांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिलं. ते नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकलं. वाहक माणसाच्या, म्हणजे स्वतः आजारी नसतो पण मुलांकडे दोष जाऊ शकतो त्याच्या, रक्तात दोन्ही प्रकार सापडले. बाबांच्या कार्डावरची दोन अक्षरं म्हणजे हेच दोन प्रकार: ए नेहमीचा, एस सिकलसेलचा. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी फरक नेमका कुठे आहे ते शोधलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस, एवढंच. तेवढ्याने ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस हाडांच्या दुखण्याने तळमळतो.

मग सरांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन काढले. मुलगी एएस आणि मुलगा एए असेल तर एकही मूल एसएस, म्हणजे आजारी, होणार नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के. म्हणजे मुलगी आजारी नव्हती, वाहक होती. मुलाची एक तपासणी झाली असती तर त्यांच्या सगळ्या शंकेचं उत्तर मिळालं असतं. ती कोणी सुचवलीच नव्हती. बाबांनी तो कागद चार घड्या करून त्याच पिशवीत ठेवला.

शेजारी आमच्याकडे नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम बसल्या होत्या, एलएल.बी. झालेल्या. त्या वेगळ्याच गोष्टीवर अडल्या: हे कार्ड मुलाकडच्यांनी मागितलंच कसं? माझ्या मते संशोधनाचा दुसरा दरवाजा त्या दुपारी तिथे उघडला. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिला गेला. त्या आधारवरून सुरू झालेल्या वादात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तुझ्या गावापासून थोड्या अंतरावर सुरू झालेली गोष्ट घटनापीठापर्यंत गेली. रक्ताच्या चाचणीचा निकाल कोणाच्या मालकीचा, तो गावात कोणाकोणाला कळतो, मुलींनाच का विचारला जातो, हा प्रश्न आजही कोणीतरी घरोघरी फिरून तपासायला हवा.

कायद्याचं अजून एक टोक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार आला. आधीच्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत. पण बरेच लाभ ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राला जोडलेले. आता सांग, हे दुखणं आज उठतं, चार दिवस माणसाला खाटेला खिळवतं आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस कपाशी वेचायला जातो. त्याची टक्केवारी कोणत्या दिवशी मोजायची? हा वैद्यकाचा प्रश्न की कायद्याचा? मला तर तो दोघांचाही वाटतो, आणि असे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात.

तंत्रज्ञानाचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवर क्रिस्पर हे जनुकं बदलण्याचं तंत्र वापरून केलेल्या जनुकोपचाराला मंजुरी दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याच वर्षी १ जुलैला आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. त्या किमतीत आणि धडगावच्या उपकेंद्रात जे अंतर आहे, तेवढ्यातच तुझ्यासारख्या बायोटेकवाल्याची जागा आहे.

म्हणून तुझ्या सरांचं “एकच धर” मला पटतं, पण मी ते असं वाचतो: प्रश्न एकच धर. विद्याशाखा त्यामागून येतात. प्रयोग तुला येतात तेच कर, बाकीचं वाच आणि त्या त्या माणसाकडे जाऊन बस.

रावेर-यावलकडचं उदाहरण घे. केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला, आपण ज्याला हरण्या म्हणतो. पसरवतो मावा. लागण झालेलं झाड बरं होत नाही, उपटून नष्टच करावं लागतं. इथपर्यंत विषाणूशास्त्र. रोपं कोणत्या प्रयोगशाळेतून आली आणि ती विषाणूमुक्त असल्याची तपासणी झाली होती का, हा प्रमाणनाचा विषय. हवामान आधारित फळपीक विमा तर तापमान आणि वाऱ्याच्या आकड्यांवर मिळतो. मग विषाणूने बाग गेली त्याने कुठे जायचं? अक्कलकुव्याकडे वनहक्काचे दावे बघ. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून चालतं, त्यांच्या जागी नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावा असतो. अवकाशातला फोटो आणि आजोबांची आठवण एकाच फाइलीत!

इथे राहून होतं का, असं विचारलंस. इतिहासकार वि. का. राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करत राहिले, शेवटची वर्षं धुळ्यात होते, आणि १९२७ पासून त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं आहे. एकदा जाऊन ये.

आता कामाचं. आधी शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, तुझ्या विषयावरचे प्रबंध शोध, शेवटची प्रकरणं आधी वाच. पुढे काय करायचं राहिलं ते बहुतेक जण तिथेच लिहितात. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत सरकारी विद्यापीठं आणि संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत, तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन लॉगिन माग, लाजू नकोस. रक्ताचा एक थेंबही घ्यायचा असेल तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि माणसाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती. पावरीत, भिलीत, अहिराणीत. मराठी फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं करू नकोस.

आणि पैसे भरून चार दिवसांत निबंध छापणाऱ्यांपासून लांब राहा. आमच्या एका तरुण प्राध्यापकाने अशा ठिकाणी ३,००० रुपये भरले. मुलाखतीत तो निबंध मोजलाच नाही. तो मुलगा हुशार होता, काम खरं होतं, म्हणून आजही वाईट वाटतं.

आता एक कर. तुझा विषय एका ओळीत लिहून इथेच टाक. त्या ओळीत ‘एक अभ्यास’ हे शब्द नकोत, शेवटी प्रश्नचिन्ह हवं. रविवारपर्यंत टाकलंस तर त्यावर आधी काय काय झालंय ते मी शोधून देतो.