कृष्णवर्णीय अमेरिकी कवींच्या रेकॉर्ड्स: सुरुवात कुठून करायची

सगळं सालवार ऐकायला बसू नकोस, कंटाळशील. आधी कवी-गायक गिल स्कॉट-हेरन घे. त्याची 'द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड' दोनदा ऐक. 1970 च्या रेकॉर्डवर आवाजामागे फक्त कोंगा-बोंगो, म्हणजे हाताने वाजवायचे ढोल. 1971 मध्ये तीच कविता बास, ड्रम आणि बासरीसह. शब्द टाकण्याची लय कशी बदलते, ते नीट टिप.

मग मागे जा:

- लँग्स्टन ह्यूज, 1958: स्वतःच्या कविता वाचतो, अर्ध्या रेकॉर्डवर जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसची साथ.
- रेव्हरंड जे. एम. गेट्स, 1926 पासून: प्रवचनं. धार्मिक म्हणून नवखे ही हमखास गाळतात, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात तो आवाज चढवत नेतो आणि मंडळी ओळीओळीला साद देतात. पुढच्या कवींची कितीतरी ताकद इथली आहे!

दुसरी चूक म्हणजे हे सगळं फक्त 'रॅपची पूर्वतयारी' म्हणून ऐकणं.

महागड्या मूळ तबकड्यांमागे आत्ताच लागू नकोस. फोकवेज या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्ड्सच्या माहितीपुस्तिका स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात, त्या समोर ठेवून ऐक. लास्ट पोएट्स हा कवींचा गट आणि कवयित्री निकी जिओव्हानी त्यानंतर.