स्टेशनरीत 'ए' की 'ई'? आणि एका 'सेल'मधले चार शब्द

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजीत. घराजवळच्या दोन दुकानांच्या पाट्यांवर 'स्टेशनरी'चं इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळं दिसलं. एका पाटीवर शेवट 'ए-आर-वाय', दुसरीवर 'ई-आर-वाय'. बरोबर कोणतं? आणि असे सारखे ऐकू येणारे शब्द मुलीने लक्षात तरी कसे ठेवायचे?

पाटीपुरतं उत्तर लगेच देता येतं. वह्या, पेनं, कागद विकणाऱ्या दुकानावर 'ई-आर-वाय' हवं. 'ए-आर-वाय' हा वेगळाच शब्द आहे, विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ एका जागी उभा असलेला, न हलणारा. सिग्नलला थांबलेली बस या अर्थाने स्टेशनरी असते. दोन्ही स्पेलिंगं शब्दकोशात असल्यामुळे मोबाइलही सहसा चूक दाखवत नाही, आणि घोळ तसाच पाटीवर चढतो.

यावर एक युक्ती सांगतात: एन्व्हलप 'ई'ने सुरू होतं, म्हणून पाकिटं विकणाऱ्याला 'ई'. ती चालते. पण वीस जोड्यांसाठी वीस युक्त्या पाठ केल्या, की कोणती युक्ती कोणत्या शब्दाची हेच ऐन वेळी आठवत नाही. मला तरी शब्दाचं घराणं कळलं की तो पक्का बसतो, म्हणून तोच रस्ता सांगतो.

मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते माल पाठीवर घेऊन गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारे मात्र ठरलेल्या जागी दुकान थाटून बसत. अशा ठाण मांडून बसलेल्या दुकानदाराचं लॅटिन नाव इंग्रजीत आलं ते 'स्टेशनर' होऊन. लंडनमधल्या या मंडळींचा संघ १४०३ सालचा, आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी. आता मुलीला बेकर-बेकरी, ग्रोसर-ग्रोसरी असं लिहायला सांगा. माणूस 'ई-आर'ने संपतो आणि त्याला 'वाय' जोडला की त्याचं दुकान किंवा त्याचा माल होतो. स्टेशनर त्याच रांगेत उभा आहे.

म्हणजे न हलणारी बस आणि वह्यांचं दुकान हे दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे निघाले, 'उभं राहणं' या अर्थाच्या लॅटिन धातूचे. तो धातू आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ. स्थिर, स्थान, स्थानक, ठाणे ही सगळी त्याच 'स्था'ची लेकरं. आपण 'पोलीस स्टेशन'ला 'पोलीस ठाणे' म्हणतो, तेव्हा भाषांतर करता करता नकळत त्या शब्दाचा चुलतभाऊच समोर आणतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

हीच घराण्याची रीत 'प्रिन्सिपल'ला लावा. एक शेवटी 'ए-एल'वाला, एक 'एल-ई'वाला. नॅशनल, सेंट्रल, जनरल, मेडिकल ही विशेषणं 'ए-एल'ने संपतात. कॉलेजचे प्रिन्सिपल हे मुळात 'मुख्य' असं विशेषणच, म्हणून तिथे 'ए-एल'. कर्जाच्या हप्त्याच्या तक्त्यात व्याजाशेजारी जे प्रिन्सिपल छापलेलं असतं तेही मुख्य रक्कम, आपलं मुद्दल, म्हणून तिथेही 'ए-एल'च. 'एल-ई' फक्त तत्त्वाला. 'कॉम्प्लिमेंट'चं थोडक्यात: मधे 'ई' असेल तर तो 'कम्प्लीट'चा नातलग, उरलेलं पुरं करणारा. भूमितीतले कोटिकोन एकमेकांचे ९० अंश पुरे करतात, ते 'ई'वाले. कौतुकाचा शब्द 'आय'वाला, आणि हॉटेलात खोलीबरोबर फुकट मिळणारा नाश्ताही 'आय'वालाच, कारण तो आदरातिथ्याचा भाग.

या जोड्या इंग्रजांच्या तोंडीही एकच ऐकू येतात, हे मुलीला आवर्जून सांगा. इंग्रजीत शब्दातल्या एखाद्या अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर दबतात, मग तिथे 'ए' लिहा की 'ई', ऐकू येतो एक पुसटसा 'अ'. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांचं हेच होतं. बोलताना फरक फारसा कोणी करत नाही. दिनदर्शिका, दिनकर एकीकडे आणि दीनदयाळ, दीनवाणा दुसरीकडे, असे नातलग डोळ्यांसमोर आणूनच आपण ह्रस्व-दीर्घ ठरवतो. मराठीत जमतं ते इंग्रजीतही जमेल.

पण आपल्या मुलांना गोंधळात टाकणारी अर्धी यादी वेगळ्याच जातीची आहे, आणि ती या यादीत मिसळली की घोटाळा होतो. ते शब्द इंग्रजीत सारखे नाहीतच. ते फक्त आपल्या कानाला सारखे लागतात.

'सेल' घ्या. कपड्यांच्या दुकानात सेल लागतो. घड्याळातला सेल संपतो. याशिवाय विकणं या अर्थाचं क्रियापद सेल, आणि होडीचं शीड तेही सेल. देवनागरीत चौघांना एकच अक्षरजोडी. इंग्रजीत मात्र हे दोन-दोनचे दोन गट आहेत. 'एस-ई-एल-एल'वालं विकणं आणि 'सी'ने सुरू होणारा घड्याळातला सेल यांचा उच्चार एक: आखूड 'ए', तोंड थोडं जास्त उघडून. 'एस-ए-एल-ई'वाली विक्री आणि 'एस-ए-आय-एल'वालं शीड यांचा उच्चार एक: लांबणारा 'ए', शेवटी 'इ'कडे घसरणारा, जवळजवळ 'सेइल'. मराठीत 'ए' एकच, तो या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो, म्हणून आपल्याला चौघे एकच वाटतात. बॅट आणि बॉलसाठी आपण ॲ आणि ऑ ही चिन्हं करून घेतली, या दोन 'ए'साठी केली नाहीत. सोलापूर-बेळगावकडे ज्यांना कन्नड येतं त्यांना हा भेद सोपा जावा, कारण कन्नडमध्ये आखूड आणि लांब 'ए'ला वेगळी अक्षरंच आहेत.

भाजीची टेस्ट आणि गणिताची टेस्ट, लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, ही सगळी याच दुखण्याची पोरं. इथे घराणं शोधत बसू नका, तोंडाने म्हणून घ्या. एकदा 'टेइस्ट' आणि 'टेस्ट' वेगळे म्हणता आले की स्पेलिंग बरंचसं आपोआप येतं: आखूड आवाजाला बहुधा नुसता 'ई', लांब आवाजाला 'ए' आणि सोबत 'आय' नाहीतर शेवटी मुका 'ई'. वजनाचं 'वेट' यात बसत नाही, ते वेगळं लक्षात ठेवावं लागेल.

'डेट'मध्ये मात्र दोन्ही उपाय लागतात. तारखेचा डेट लांब, कर्जाचा आखूड, हे कानाचं काम. पण कर्जाच्या डेटमध्ये मुका 'बी' कुठून आला? शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता; लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो नंतर घातला. तोच 'बी' बँकेच्या 'डेबिट'मध्ये आपण रोज उच्चारतो.

'लूज'चंही तसंच. नट लूज होतो आणि मॅचही लूज होते, आपण दोन्ही एकसारखं म्हणतो. खरं तर सैल झालेल्या नटाचा शेवट 'स'ने होतो, 'लूस', आणि त्यात दोन 'ओ'. हरण्याचा, हरवण्याचा शब्द 'लूझ'. धंद्यात लॉस झाला म्हणतो त्या 'लॉस'मध्ये एकच 'ओ' आहे, 'लॉस्ट'मध्येही एकच, आणि या 'लूझ'मध्येही तेवढाच.