गोठा फुकट पाडून देतो म्हणतात, द्यावा का?

प्रश्न : बरीच वर्षं बंद असलेला गोठा पाडायचा आहे. भिंती दगड-मातीच्या, वर लाकडी तुळया आणि वासे, छपराला जुने नालीदार सिमेंटचे पत्रे. एक कंत्राटदार म्हणतो, ‘लाकूड माझं, पाडायचे पैसे नकोत.’ दुसरा उक्तं काम घ्यायला तयार आहे, पण पैसे मागतो. कोणाला द्यावं?

उत्तर : आधी लाकूड मोजा. १५ बाय २० सेंटिमीटरची, ४ मीटर लांब तुळई म्हणजे ०.१२ घनमीटर, अशा आठ असल्या की जवळपास एक घनमीटर भरतं. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं आणि खांबांचे बुंधे पेचकसाने टोचून पाहा. ओल तिथेच धरते, वाळवीही तिथूनच चढते. पेचकस सहज सेंटिमीटरभर आत गेला तर तेवढा भाग मापातून वजा करा. मग एखाद्या सुताराकडून उरलेल्या लाकडाचा भाव काढा आणि तो उक्त्या रकमेशी ताडून पाहा.

‘फुकट’ कामात फसगत होते ती वेगळीकडेच. लाकूड पहिल्या दोन दिवसांत गाडीत चढतं. भिंती, राडारोडा आणि जोतं तुमच्याकडे राहतं. म्हणून लाकडाची किंमत आणि पाडण्याची मजुरी कागदावर वेगवेगळी लिहून घ्या. जोतं जमिनीखाली किती खोल काढायचं, राडारोडा कोण आणि कुठे नेणार, खड्डे कोण भरणार, हेही त्याच कागदावर. काम उक्तं दिलंत तर इसार थोडाच द्या आणि शेवटचा हप्ता जागा सपाट झाल्यावर. लाकडाच्या बदल्यात दिलंत, तर निम्मं लाकूड शेवटपर्यंत जागेवरच राहील असं ठरवा. मजुरांच्या अपघात विम्याचा कागद पाहिल्याशिवाय कुदळ लावू देऊ नका.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. पत्रा अखंड असताना धोका कमी. फुटला की फुप्फुसात जाणारे बारीक तंतू उडतात. त्यामुळे वरून फेकणं किंवा जेसीबीने छप्पर ओढणं, याला साफ नकार द्या. पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अखंड खाली उतरवायचे, जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचे, राडारोड्यात मिसळायचे नाहीत. हे काम त्याची माहिती आणि योग्य मास्क असलेल्यांनीच करावं. जो कंत्राटदार ‘काही होत नाही हो’ म्हणतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

प्रश्न : पाडताना आधी काय काढतात? शेजारची भिंत आमच्या गोठ्याला लागून आहे.

उत्तर : बांधलं त्याच्या उलट क्रमाने. सर्वांत आधी वीज खांबापासूनच तोडून घ्यायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पत्रे, वासे, तुळया, शेवटी भिंती वरून खाली. तुळया भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. त्या निघाल्या की मातीची उंच भिंत मोकळी पडते आणि पावसात किंवा वाऱ्यात कोसळते. म्हणून तुळया काढण्याआधी भिंतींना तिरके टेकू लावायचे आणि भिंती अर्धवट ठेवून काम थांबवायचं नाही. भिंत खालून पोखरून पाडणं सर्वांत धोक्याचं, ती कुठल्या बाजूला येईल याचा नेम नसतो. शेजारच्या भिंतीलगतचा मीटरभर भाग हातानेच उतरवा, यंत्र तिथे नको. आधीच्या भेगांचे फोटो शेजाऱ्यांसमोर तारखेसह काढून ठेवा.

गोठ्यात शेण-मुताची बंद टाकी असेल तर तिच्यात कोणालाही उतरू देऊ नका; विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. ती बाहेरून उपसून, २० ते ३० सेंटिमीटरच्या थरांत मुरूम टाकून प्रत्येक थर ठोकून भरायची. एकदम भरली तर पहिल्या पावसाळ्यात खचते.