मुलगी १६ महिन्यांची आहे, काहीच खात नाही. मोबाइल लावला तरच दोन घास जातात. सासूबाई म्हणतात दूध वाढव. काय करू?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यांसमोर आलं. आधी एकच विचारते. दिवसभरात तिच्या पोटात दूध किती जातं?

आम्हाला हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पटकन म्हणाले, "फार नाही." माझी लेक तेव्हा १५ महिन्यांची होती. तिला भरवायला मी वाटी घेऊन जिन्यात, पार्किंगमध्ये, शेजारच्या काकूंच्या दारात फिरायचे. एक घास काऊचा, एक घास चिऊचा. तासाभराने घरी यायचे तेव्हा मेतकूट-भात घट्ट झालेला असायचा, वरचं तूप थिजून पांढरं पडलेलं असायचं आणि वाटी जेमतेम दोन बोटं खाली गेलेली असायची. कितीदा ती वाटी बेसिनमध्ये ठेवून रडले आहे.

डॉक्टरांनी मला बाटल्या मोजायला लावल्या. सकाळी उठल्या उठल्या एक, अकराच्या सुमारास एक, दुपारी झोपताना, संध्याकाळी, आणि रात्री अर्धवट झोपेत एक. पाच बाटल्या, प्रत्येकी १८० मिली. म्हणजे ९०० मिली, तेही रतीबाचं म्हशीचं दूध! एवढ्याशा पोटात भाताला जागा उरणार कुठून? ती हट्टी नव्हती, तिला खरंच भूक नव्हती. आणि जेवत नाही म्हणून काळजीपोटी आम्हीच आणखी दूध पाजत होतो.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. या वयात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय इतर अन्नातलं लोह अंगी लागायलाही ते आडवं येतं. लोह कमी झालं की भूक आणखी मरते, मूल किरकिरं होतं, आणि आपण पुन्हा बाटली पुढे करतो. वर्षानंतर दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली दूध पुरे, असं डॉक्टरांनी सांगितलं. (अंगावर पाजत असाल तर ते बंद करू नका, मी वरच्या दुधाबद्दल बोलतेय.)

मग आम्ही बाटलीच बंद केली. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, तेही पेल्याने आणि जेवणाला चिकटून नाही. पहिले पाच-सहा दिवस फार वाईट गेले. रात्री दोन-दोन तास रडायची. सासूबाईंना ते बघवत नव्हतं. मी त्यांना पुढच्या तपासणीला सोबतच नेलं, डॉक्टरांकडून सगळं ऐकवलं, आणि त्यानंतर रात्री तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला त्याच उठायच्या. तुमच्या सासूबाईंनाही घेऊन जा. माया म्हणूनच त्या सांगतात.

लोहाचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, दुधासोबत न देता, दिले. शी काळी होते, त्याला घाबरू नका. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी लोहाचं औषध मोफत मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. पण हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर डोस वेगळा लागतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या.

मोबाइलचं म्हणाल तर तो एका दिवसात बंद केला, हळूहळू जमलं नसतं. मोबाइल बघत मूल गिळतं, पण पोट भरलंय की नाही हे त्याला कळत नाही. आम्ही तिला आबांच्या शेजारी पाटावर बसवायला लागलो. एक दिवस आबांनी भाकरीचा तुकडा मसुराच्या आमटीत बुडवला, आणि तिने त्यांच्या हातातून तो ओढून घेतला. आधी चोखला, मग हिरड्यांनी चावला, आमटी कोपरापर्यंत ओघळली. कुणी काही बोललं नाही. तिने दुसरा मागितला.

तेव्हापासून ताटात काय आणि कधी, ते मी ठरवते. किती, ते ती ठरवते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचलते, रागावत नाही. मसूर, अंडं, नाचणीची आंबील, लिंबू पिळलेली पालेभाजी फिरून फिरून समोर ठेवते. एखादी भाजी दहादा नाकारून अकराव्यांदा खाल्ली आहे तिने. फक्त अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात.

अजून एक. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. त्यामुळे या वयात भूक थोडी कमी होणारच. अंगणवाडीत वजन करून कार्डावरची रेघ बघा. ती वर चढत असेल तर घाई नाही. सपाट झाली असेल, किंवा मुलगी फिकट दिसत असेल, माती खात असेल, सारखी मलूल राहत असेल, तर या आठवड्यातच रक्त तपासून घ्या. आणि आज रात्री बाटल्या नक्की मोजा.