खिडकी एक, नोंदी पाच

प्रश्न (सप्टेंबर २००८) : परवा गूगलचा नवा क्रोम ब्राउझर उतरवून घेतला. खिडकी एकच उघडली आहे, पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या पाच नोंदी दिसतात. व्हायरस तर नाही ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो. पहिल्यांदा पाहून मीही दचकलो होतो! २ सप्टेंबरला आलेल्या या बीटा, म्हणजे चाचणीसाठीच्या, आवृत्तीची खरी गंमत तीच आहे. साधारणपणे प्रत्येक टॅब स्वतंत्र प्रोसेस म्हणून, म्हणजे जणू वेगळा प्रोग्रॅम असल्यासारखा, चालतो. एखादं पान अडकलं तर तेवढाच टॅब बंद पडतो, बाकीचे शाबूत. चाळीत एका बिऱ्हाडाचा फ्यूज उडाला म्हणून सगळी चाळ अंधारात जात नाही, तसंच. याची किंमत मेमरीत मोजावी लागते; तुमचा संगणक ५१२ एमबीचा असेल तर वीस-वीस टॅब उघडू नका. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, कोणता टॅब किती मेमरी खातोय ते कळेल.

पत्ता आणि शोध एकाच पट्टीत, हे मला फार आवडलं. वरचा मेन्यूबार गायब झाल्याची मात्र अजून सवय होत नाही. माउस आपोआप ‘फाइल’कडे धावतो. माझ्या बँकेचं पान इंटरनेट एक्सप्लोररच मागतं, तेव्हा तोही राहू द्या. मॅक आणि लिनक्सवाल्यांना तूर्त वाट पाहावी लागेल.