पुरातत्त्व आणि बिझनेस इकॉनॉमिक्स: एकत्र शिकू का?

प्रश्न: ताई, माझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. उत्खनन, जुनी नाणी, खापरं यांचं मला लहानपणापासून वेड आहे, पण पुरातत्त्वात नोकऱ्या नाहीत असं सगळे म्हणतात. आता पुरातत्त्व आणि बिझनेस इकॉनॉमिक्स अशी जॉइंट डिग्री बघण्यात आलीय. हे विषय एकमेकांशी जुळतात का, की मी दोन्हीकडे अर्धवट राहीन? आणि माझं गणित बेताचंच आहे, चालेल का?
– एक वाचक मैत्रीण

उत्तर: अगं, जुळतात आणि मस्त जुळतात. रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे, साधारण ३५ मीटर उंच, आणि ती अख्खी रोमन काळातल्या फुटक्या रांजणांच्या खापरांची आहे. बहुतेक रांजण दक्षिण स्पेनहून ऑलिव्ह तेल घेऊन आलेले, एकेक रिकामाच ३० किलोच्या आसपास आणि आत ७० लिटरच्या आसपास तेल. कित्येक खापरांवर अजून शाईचा मजकूर दिसतो, रिकाम्या रांजणाचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणीची नोंद. १८७० च्या दशकात हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने ते वाचायला घेतलं. आता पुरातत्त्ववाला विचारणार ही माती कुठली, काळ कुठला, आणि इकॉनॉमिक्सवाला विचारणार की एवढे दणकट रांजण फोडून का टाकले? तर तेल रांजणाच्या मातीत मुरून खवट व्हायचं, धुऊन परत पाठवण्यापेक्षा तिकडे नवीन घडवणं परवडायचं. म्हणजे खापर तेच, पण त्यातून पॅकिंग आणि वाहतुकीचा हिशोब निघतो, आणि तो काढायला दोन्ही विषय लागतात.

दुसरं उदाहरण तर मला त्याहून आवडतं. तुर्कस्तानातल्या कुलतेपेला, म्हणजे जुन्या कानेशला, असिरियन व्यापाऱ्यांच्या २० हजारांहून जास्त मातीच्या पाट्या सापडल्यात, जवळपास ४ हजार वर्षांपूर्वीच्या. आजच्या इराकमधल्या अशुर शहरातून गाढवांवर कथील आणि कापड लादून हजारेक किलोमीटर यायचं आणि चांदी घेऊन परतायचं असा धंदा. त्यात बरेच जण मिळून एका व्यापाऱ्याकडे वर्षानुवर्षांसाठी भांडवल ठेवायचे, त्या कराराला नरुक्कु म्हणायचे, शब्दाचा अर्थ पिशवी. भागीदारी आणि जोखीम वाटून घेणं वर्गात शिकताना अशी पाटी डोळ्यासमोर असली की विषय डोक्यात पक्का बसतो.

आता अर्धवट राहण्याची भीती, ती खोटी नाहीये. बऱ्याच जॉइंट डिग्रीत दोन डिपार्टमेंट आपापलं शिकवतात आणि मधला सांधा कुणीच जोडून देत नाही, तो तुलाच जोडावा लागतो. म्हणून अॅडमिशन घेण्याआधी स्पष्ट विचार की शेवटच्या वर्षाचा प्रबंध दोन्ही विषय मिळून करता येतो का आणि गाईड दोन्हीकडचे मिळतात का, माझ्या मते फी आणि रँकिंगपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. सुट्टीचं पण बघून ठेव, उत्खननाची कामं बहुतेक सुट्टीतच असतात आणि कंपन्यांच्या इंटर्नशिपही तेव्हाच, तर एक सुट्टी मातीत आणि एक ऑफिसात असं आधीच ठरव. स्कॉटलंडसारखी चार वर्षांची ऑनर्स डिग्री असेल तर थोडी उसंत मिळते, सुरुवातीची वर्षं जरा मोकळी असतात.

नोकरीचं म्हणशील तर नोकऱ्याच नाहीत हे खरं नाही. बऱ्याच देशांत रस्ता किंवा इमारत बांधण्याआधी जमिनीची पुरातत्त्वीय तपासणी होते, इंग्लंडमध्ये १९९० पासून तिचा खर्च साधारणपणे बांधणाऱ्यानेच करायचा असं धोरण आलं, आणि त्यातून ही कामं करणाऱ्या फर्म वाढल्या. तिथे टेंडर भरायचं, किती माणसं किती दिवस लागतील ते काढायचं, बजेट सांभाळायचं, हे सगळं असतं आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसाला ते येत असेल तर त्याची किंमत होते. सुरुवातीचा पगार मात्र मोठा नसतो, हे घरी आत्ताच सांगून ठेव. म्युझियम, वारसा पर्यटन हेही रस्ते आहेत.

आणि गणित. बिझनेस इकॉनॉमिक्समध्ये शुद्ध इकॉनॉमिक्सपेक्षा ते सहसा कमी असतं, पण स्टॅटिस्टिक्स सुटत नाही, आणि पुरातत्त्वातही हजारो खापरं मोजून, वर्गवारी करून तक्ते मांडावेच लागतात. पुढे इकॉनॉमिक्समध्येच मास्टर्स करायचं मनात असेल तर गणिताचे जादा पेपर आत्तापासून घे. कोर्सचा पहिल्या वर्षाचा स्टॅटिस्टिक्सचा अभ्यासक्रम मिळव, सुट्टीत दोन धडे स्वतः सोडवून बघ, आणि कुठे अडतेस ते मला नक्की लिही.